भाकरी खाणारा एक, घेणारा दुसरा

२०११ च्या दिवाळीनंतर सोलापुरात, बाळीवेशीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी कडक भाकरीचा धंदा सुरू केला. दोन चुली, दोन काठवटी, मी आणि शेजारच्या एक मावशी. भाकरी कशी करायची हे कुणाकडून शिकायचं नव्हतं. ज्वारी घरात होती, हात आईनं आणि सासूबाईंनी तयार केलेला होता. ती भाकरी कुणाला विकायची, एवढं एकच ठरवायचं होतं. त्याला पुढची जवळजवळ तीन वर्षं गेली, आणि त्या काळात सासूबाईंच्या पाटल्या सराफाकडे गहाण पडल्या.

पाटल्या सुटल्या. आज पडवीच्या जागी शेड आहे आणि अकरा बायका कामाला आहेत. नवा धंदा काढू पाहणाऱ्या मुली अधूनमधून माझ्याकडे येतात. भांडवल किती लागलं, परवाना कुठं काढला, पॅकिंगचं यंत्र घेऊ का, असं सगळं विचारतात. घेणार कोण, हा प्रश्न त्यांच्या यादीत नसतो, आणि असला तरी सगळ्यात खाली. माझ्याही यादीत तो नव्हता. म्हणून जे शिकले ते, जसं आठवेल तसं, लिहून ठेवते.

१. घरोघरी होणारी वस्तू घरोघरी विकली जात नाही.

माझा पहिला हिशेब असा होता : सोलापूर ज्वारीचा जिल्हा, इथं भाकरी न खाणारं घर सापडायचं नाही, शहरात लाखो माणसं, शंभरातल्या एकानं जरी आठवड्याला दोन भाकरी घेतल्या तरी आपल्याला हात पुरणार नाहीत. कागदावर हा हिशेब फार सुंदर दिसतो. नव्यानं धंद्यात पडणारा जवळजवळ प्रत्येक जण तो मांडतो आणि त्यातला तो शंभरातला एक कोण, त्याचं घर कुठं, तो आपल्या दारी का येईल, हे विचारायचं राहून जातं.

मी टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरले. बायका प्रेमानं बसवून घ्यायच्या, पाणी द्यायच्या. भाकरीचा तुकडा मोडून आवाज ऐकायच्या, तोंडात टाकायच्या आणि म्हणायच्या, "छान झालीय की! तीळ थोडं जास्त पायजे होतं." मग त्यांच्या माहेरी कशी करतात ते सांगायच्या. रोज ऐंशी भाकरी करायची त्यातल्या वीस-पंचवीस जायच्या. उरलेल्या आम्ही खायचो, पाहुण्यांना द्यायचो.

मला वाटायचं, भाकरीतच काही कमी आहे. मी मीठ बदललं, तीळ वाढवले, आकार बदलला. कमी काहीच नव्हतं. त्या घरात मार्चमध्ये ज्वारीचं पोतं येत होतं, कोपऱ्यावर गिरणी होती, घरात थापणारे हात होते. भाकरीची गरज प्रत्येक घराला होती, पण ती प्रत्येक घरात रोज भागतही होती. भागलेल्या गरजेला कुणी पैसे देत नाही. आपल्या वस्तूची गरज कुणाला आहे यापेक्षा ती कुणाची अडून राहिली आहे, हे शोधायला हवं होतं.

२. कौतुक करणारा माणूस गिऱ्हाईक असेलच असं नाही.

२०१२ च्या दिवाळीआधी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात गृहउद्योगांचं प्रदर्शन होतं. तीन दिवसांच्या टेबलाचं भाडं आठ हजार. कर्ज काढून गेले. तिथं जे झालं त्यानं मी हरखून गेले. माणसं टेबलाशी थांबायची, भाकरी हातात घेऊन बघत राहायची. एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमची आई चुलीपुढे अशा भाकरी उभ्या करून ठेवायची," म्हणाले. तीन दिवसांत तेरा हजारांची विक्री झाली. एकशेचाळीस जणांनी माझा नंबर लिहून घेतला. परतीच्या गाडीत मी मनाशी पक्कं केलं, आपला बाजार पुण्यात आहे.

पुढच्या दोन महिन्यांत त्या एकशेचाळीसपैकी सहा जणांचे फोन आले.

ते लोक खोटं बोलले नव्हते, हे मला मनापासून सांगायचंय. त्यांचं कौतुक खरं होतं. पण त्यांनी विकत घेतली होती ती आठवण, आणि आठवणीला एक पुडा पुरतो. नंतर त्यातल्याच एका ताईंनी फोनवर मोकळेपणानं सांगितलं, की पुडा अर्धा तसाच राहिला, कारण घरातल्या मुलांना ती कशाशी खायची ते कळेना. मला ते सुचलंच नव्हतं. कडक भाकरी एकटी कधीच ताटात येत नाही. तिच्याबरोबर शेंगाची चटणी लागते, दही लागतं, झणझणीत आमटीत ती चुरावी लागते. जिथं ही सगळी जोड नाही तिथं भाकरी डब्यावर पडून राहते. म्हणजे बाजार निवडताना आपली वस्तू ज्या खाण्यापिण्याच्या रीतीत बसते ती रीत तिथं जिवंत आहे का, हे बघावं लागतं. ती रीत नव्यानं लावता येते, पण त्याला पैसा आणि वर्षं लागतात. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. नव्या ठिकाणची पहिली विक्री मी हिशेबात धरत नाही. दुसरी धरते.

३. खाणारा वेगळा असतो, पैसे देणारा वेगळा.

हे कळलं नसतं तर धंदा बंद झाला असता.

२०१३ चा जून. रात्रीचे साडेआठ झाले असतील. चुली विझवून मी काठवट धूत होते. मागच्या दाराशी एक बाई आल्या, घाईत, हातात रिकामी पिशवी. "चाळीस कडक भाकरी मिळतील का ओ? पोरगं सकाळच्या हुतात्म्यानं पुण्याला चाललंय." माझ्याकडे बावीस होत्या. त्यांनी बावीसही घेतल्या. भाव विचारला नाही. तीन गोष्टी विचारल्या : किती दिवस टिकतील, बॅगेत मोडणार नाहीत ना, आणि सोबत चटणी आहे का.

दीड वर्षात मला कुणी हे तीन प्रश्न विचारले नव्हते. त्या गेल्यावर मी काठवटीजवळच बसून राहिले. गेल्या वर्षभरात ज्यांनी वीस-पंचवीस भाकरी एकदम नेल्या होत्या ते चेहरे एकेक करून आठवायला लागले. एकीची मुलगी पुण्यात नर्सिंगला, एकीचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला सदाशिव पेठेत, एकीचा नवरा चाकणला कंपनीत. सगळ्या कुणाला तरी बांधून देत होत्या. मी मात्र त्यांना 'किरकोळ गिऱ्हाईक' समजून पुण्यातल्या प्रदर्शनाची स्वप्नं बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनवर गेले. हुतात्मा एक्सप्रेस सुटायच्या आधीचा तो अर्धा-पाऊण तास मी बाकावर बसून फक्त पिशव्या बघितल्या. नंतर आठवडाभर एसटी स्टँडवर पुण्याच्या गाड्या लागतात तिथं जाऊन बसले. आया खिडकीतून पिशव्या आत द्यायच्या. चटणीची बरणी, चिवडा, तुपाचा डबा, आणि बऱ्याच पिशव्यांत वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाकरीचा गठ्ठा. "मोडल्या तर आमटीत टाकून खा," असं एक आई बसमधल्या मुलाला दोनदा सांगत होती.

मग मी विचारायला लागले : घरीच का करत नाही? उत्तरं सरळ होती. रोजची मऊ भाकरी पाच मिनिटांत होते. कडक भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्यासमोर ओल पूर्ण जाईपर्यंत वाळवायची. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये चूल नाही, गॅसवर ती करपते तरी किंवा मधे नरम राहते. चाळीस भाकरी म्हणजे अर्धा दिवस, आणि पोरगं निघायच्या आदल्या दिवशी आईला अर्धा दिवस कुठला? कपडे धुवायचे, बॅग भरायची, खोलीचं भाडं द्यायचं, देवाला जाऊन यायचं.

इथं गरज अडलेली होती. आणि ती एका घरापुरती नव्हती. सोलापूर हे एके काळी गिरण्यांचं शहर. बाहेरून माणसं इथं पोट भरायला येत. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांची घरघर कमी होत गेली, आणि पोरं अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याकडे निघाली. ज्या शहरातून दरवर्षी इतकी मुलं बाहेर पडतात तिथं पिशवी भरून देणाऱ्या आयाही तितक्याच असणार. माझा बाजार पुण्यात नव्हता, पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या या टोकाला होता.

खाणाऱ्या पोरांना थेट विकून बघावं म्हणून मी नंतर एकदा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांबाहेर पत्रकंही वाटली होती. एकही मागणी आली नाही. आईनं पाठवलेली भाकरी तो पोरगा शेवटच्या तुकड्यापर्यंत खातो. पण स्वतःच्या खिशातल्या पन्नास रुपयांचं काय करायचं हे त्याला विचारलं तर तो मिसळ खाईल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. भाकरी खाताना त्याला जे मिळतं त्यासाठी पैसे मोजण्याची ओढ त्याच्या आईला आहे.

४. गर्दी बघून भुलू नये.

वरचं सगळं उमगल्यावरही मी एकदा चुकले. २०१४ च्या आषाढीला पंढरपूरला दोन हजार भाकरी घेऊन गेले. लाखो माणसं एका गावात येणार, ती सगळी ज्वारी खाणारी, भाकरी टिकाऊ; एकादशीला उपास असला तरी दशमीला आणि द्वादशीला घेतील, घरी नेतील, असा विचार.

वारकरी दिंडीत जेवतो. दिंडीचा स्वयंपाक दिंडीत होतो, त्याची भिशी आधीच भरलेली असते. घरी न्यायला तो चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ घेतो, कारण तो प्रसाद असतो. आणि भाकरी? ती करणारी बाई त्याच्याबरोबर चालत आलेली असते. त्यात पाऊस. प्लॅस्टिकखाली ठेवलेल्या भाकरी दोन दिवसांत सादळल्या. चारशेच्या आसपास खपल्या. उरलेल्या एका मठात दिल्या, आणि तिथल्या माउलींनी त्या आमटीत चुरून पंगतीला वाढल्या याचं समाधान आजही आहे. पैसे मात्र गेले.

गर्दी मोजण्याआधी त्या गर्दीतला माणूस त्या क्षणी काय करायला आला आहे, हे विचारायला हवं होतं.

५. गिऱ्हाईक ठरलं की मालानं त्याच्यासारखं व्हावं.

आई हे गिऱ्हाईक नक्की झाल्यावर माझ्या धंद्यातली प्रत्येक गोष्ट बदलली, आणि बदल सुचायला डोकं खाजवावं लागलं नाही. त्या बाईंचे तीन प्रश्न भिंतीवर खडूनं लिहून ठेवले होते, तेवढे पुरले.

मोडणार नाहीत ना? भाकरीचा घेर कमी केला, कारण मोठी भाकरी बॅगेच्या कडेला लागून मोडते. दहाचा गठ्ठा, खाली-वर जाड पुठ्ठ्याची चकती, मग पिशवी. किती दिवस टिकतील? हे मी अंदाजानं सांगत होते. आता पुडे कपाटात ठेवले आणि दर चौथ्या दिवशी एकेक उघडून बघितला. उन्हाळ्यात वेगळे, पावसाळ्यात वेगळे. पावसाळ्यात भाकरी दुप्पट वेळ आचेसमोर ठेवावी लागते हे त्यातून कळलं. पीठही रोजच्या रोज दळून आणायला लागलो, कारण शिळं पीठ विरी जातं, भाकरी थापताना चिरते, आणि चिरलेली भाकरी प्रवासात पहिली मोडते. चटणी आहे का? सासूबाईंनी उखळ बाहेर काढलं. शेंगाची चटणी कुटूनच व्हावी लागते, तेव्हा शेंगदाण्याचं तेल सुटून ती एकजीव होते.

आणि वेळ. मी सकाळी आठला दार उघडत होते, बाजारपेठेत सगळे उघडतात म्हणून. माझं गिऱ्हाईक येत होतं संध्याकाळी सहा ते साडेनऊ, उद्याच्या गाडीची तयारी करताना. सकाळची विक्री बंद केली. नवी पेठेत गाळा घ्यावा असं सगळे सुचवत होते. भाडं परवडणारं नव्हतंच, पण परवडलं असतं तरी घेतला नसता. नवी पेठेत बाई साडी घ्यायला जाते. मी स्टेशनच्या वाटेवर एका किराणा दुकानाच्या कट्ट्यावर फळी टाकली.

किमतीबद्दलही एक सांगते. भाकरीमागे दीड रुपया वाढवला तेव्हा मी घाबरले होते. एकीनंही कुरकुर केली नाही. तीच भाकरी रोजच्या जेवणासाठी घेणारी दोन-चार घरं मात्र त्या दिवसापासून बंद झाली.

६. मोठं गिऱ्हाईक आपल्याला पेलेल का, हे आपल्या पैशाच्या फेऱ्यावर ठरतं.

२०१५ मध्ये महामार्गावरच्या एका हॉटेलनं रोज तीनशे भाकरी मागितल्या. घरात पेढे वाटले. आणखी तीन बायका घेतल्या, दोन चुली वाढवल्या. साडेसहा रुपयांनी रोज एकोणीसशे पन्नास रुपयांचा माल जात होता. पहिला महिना पैसे वेळेवर आले. मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. पाचव्या महिन्यात साठ दिवसांचे पैसे अडकले होते, एक लाख सतरा हजार. मालक भेटायचे तेव्हा गोड बोलायचे, चहा पाजायचे.

माझ्या धंद्याचा पैसा कसा फिरतो हे मला तेव्हा समजलं. आमच्याकडची ज्वारी रब्बीची. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काढणी फेब्रुवारी-मार्चला. चांगली मालदांडी हवी तर तेव्हाच, मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन, वर्षाची एकदम घ्यायची आणि रोख घ्यायची. शेतकरी उधार का देईल? म्हणजे मी वर्षाचं धान्य मार्चमध्ये रोखीनं घेणार आणि भाकरी दोन महिन्यांच्या उधारीनं विकणार. त्या मार्चला माझ्याकडे ज्वारीला पैसे नव्हते. पाटल्या दुसऱ्यांदा गहाण ठेवायची वेळ आली होती. सासूबाई स्वतः काढून देत होत्या, मी घेतल्या नाहीत. महिला बचत गटातून कर्ज उचललं.

आणि या पाच महिन्यांत हॉटेलची मागणी पुरी करायची म्हणून मी संध्याकाळी आलेल्या आयांना "आज शिल्लक नाही" म्हणून परत पाठवलं होतं. पैसे चौदा महिन्यांत तुकड्या-तुकड्यानं आले, थोडे बुडाले. परत पाठवलेल्या बायकांपैकी बऱ्याच पुन्हा आल्याच नाहीत, आणि तो तोटा मला जास्त लागला. आपल्या माणसाला दारातून रिकामं पाठवायचं आणि ज्याला आपलं नाव माहीत नाही त्याच्यासाठी रात्र जागवायची, हे मी पुन्हा करणार नाही.

छोट्या उद्योगाला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत असा कायदा २००६ पासून आहे. लेखी करार नसेल तर मुदत पंधराच दिवसांची. त्यासाठी उद्योगाची सरकारी नोंदणी करून ठेवावी लागते. ती मी नंतर केली. मुलींनो, ती आधी करा. पण कायदा असला तरी रोज माल देणाऱ्या हॉटेलशी भांडायला जाणं सोपं नसतं. त्यापेक्षा गिऱ्हाईक निवडतानाच विचारावं, हा पैसे कधी देतो, आणि मला ते कधी लागतात.

७. वही ठेवा.

शंभर पानी साधी वही. नाव, किती नेल्या, कुणासाठी, पुढच्या वेळी कधी आल्या. 'कुणासाठी' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यातूनच मला कळलं की जूनमध्ये कॉलेजं उघडताना, दिवाळी संपताना आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा करून पोरं परत जाताना माझी विक्री तिप्पट होते, आणि एप्रिल-मेमध्ये पोरं घरी असतात तेव्हा ती पडते. त्या दोन महिन्यांत बायकांना काम कसं द्यायचं, याचा विचार आदल्या दिवाळीतच करावा लागतो.

८. मोडलेल्या भाकरीचंही एक गिऱ्हाईक असतं.

वाळवताना, गठ्ठे बांधताना रोज पाच-दहा भाकरी मोडतात. तो चुरा आम्ही गाईला घालत होतो. एक दिवस गल्लीतले एक आजोबा आले, "तो चुरा मला देत जा, दुधात भिजवून खातो, दात राहिले नाहीत." आठवड्यात त्यांनी आणखी दोघांना आणलं. म्हाताऱ्या माणसाला कडक भाकरीची चव हवी असते, ती चावता मात्र येत नाही. मुलं पुण्यात, घरी दोघंच, आजींच्या हातून आता भाकरी थापली जात नाही. ज्या मुलांसाठी मी भाकरी करत होते त्यांचेच हे मागे राहिलेले आई-बाप. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

आता चुरा वेगळा करून अर्ध्या किलोच्या पुड्यात देतो. मागणी इतकी झाली की हल्ली काही भाकरी मुद्दाम मोडाव्या लागतात.

या आजी-आजोबांनी २०२० साली मला तारलं. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि माझा बाजार एका रात्रीत संपला. वसतिगृहं रिकामी, एसटी बंद, हुतात्मा बंद. पोरं घरी परत आली होती. आईला पिशवी भरायचं कारणच उरलं नाही. सात वर्षं जपलेल्या वहीत एप्रिल ते ऑगस्ट कोरी पानं आहेत. बायका घरी बसल्या, त्यातल्या दोघी पुन्हा विड्या वळायला लागल्या. चुऱ्याचे पुडे तेवढे जात राहिले. माझा मुलगा मास्क लावून ते दारोदार ठेवून येत होता. त्या पैशांत नफा नव्हता, पण ज्यांची घरं माझ्या पडवीवर चालत होती त्यांना दर आठवड्याला थोडं तरी देता आलं. एकाच गिऱ्हाइकाला नीट ओळखणं चांगलं. पण त्या गिऱ्हाइकाच्या घरात दुसरं कोण आहे हेही बघून ठेवावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

९. गाजावाजा झालेल्या बाजारात जाताना पायाखाली बघावं.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं भरडधान्याचं वर्ष. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' हा शब्द आला आणि ज्वारीला एकदम मान मिळाला. आयुष्यभर जिला गरिबाचं धान्य म्हणत होते ती मोठ्या शहरांच्या दुकानांत चकचकीत डब्यांत बसली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. फोन यायला लागले. ज्वारीची बिस्किटं करा, डब्यावर 'मधुमेहावर गुणकारी' छापा, आम्ही मुंबईत विकतो.

तसं छापायला मी नकार दिला. अन्नाच्या वेष्टनावर रोग बरा होतो असं छापता येत नाही, हा कायदा आहे. पण कायदा नसता तरी छापलं नसतं. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता, ते जन्मभर ज्वारीच खात होते. मग एका आरोग्याच्या दुकानासाठी साध्याच भाकरीचे दोनशे पुडे दिले. पहिले दोनशे गेले, दुसऱ्या दोनशेंतले एकशेतीस परत आले. प्रदर्शनातल्या त्या एकशेचाळीस नंबरांसारखंच हे. कुतूहलानं घेतलेली वस्तू कुतूहल संपल्यावर थांबते. मी फार पुढे गेले नव्हते म्हणून लागलं नाही. तुमच्या बाबतीत हाच बाजार खरा ठरू शकेल. मी फक्त एवढंच सांगेन, की तिथल्या गिऱ्हाइकाच्या घरात जाऊन, त्याच्या ताटात तुमची वस्तू तिसऱ्या महिन्यात कुठं आहे ते बघून या आणि मग कर्ज काढा.

१०. गिऱ्हाईक वाढतं, आपल्याबरोबर म्हातारं होतं.

२०१३ मध्ये ज्यांचा मुलगा पुण्याला शिकायला गेला त्यांचा तो मुलगा आता तिथं नोकरीला आहे, लग्न झालंय. भाकरी नेणं कमी होईल असं वाटलं होतं. उलट सुनेच्या माहेरच्यांसाठीही नेतात. काहींच्या लेकी अमेरिकेत आहेत. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी जाणारी आई आठ-दहा पुडे नेते आणि वजनकाट्यावर बॅग ठेवून एकेक साडी बाहेर काढते, भाकरी काढत नाही. त्यांच्यासाठी वेगळी, हवा न शिरणारी पिशवी केली. त्यांनीच सुचवली.

११. येणं बंद झालेल्या माणसाला जाऊन भेटावं.

हे मी फार उशिरा करायला लागले. वहीत ज्यांचं नाव तीन महिने आलं नाही त्यांच्यावर खूण करते आणि जमेल तशी घरी जाऊन येते. विकायला नाही, विचारायला. पहिल्यांदा गेले तेव्हा पाय अडखळत होते, काय ऐकावं लागेल म्हणून. कुणी सांगतं, मागच्या खेपेला भाकरी थोडी जाड होती. कुणी सांगतं, पोराच्या खोलीवर आता डबा येतो. एका घरी मुलगा अपघातात गेल्याचं कळलं, आणि मी त्या आईजवळ बसून राहिले. त्या दिवशी वही पिशवीतून काढली नाही.

गेल्या मार्गशीर्षात अशोक चौकाकडच्या एका बाईंकडे गेले. २०१४ पासून दर पंधरा दिवसांनी तीस भाकरी आणि पाव किलो चटणी नेणाऱ्या. पुण्यात मुलगा, आयटीत. चार महिने आल्या नव्हत्या. माझ्या मनात भाकरी, चटणी, भाव, काय चुकलं असेल ते सगळं येऊन गेलं. सवयीनं एक पुडाही पिशवीत घेतला होता.

दार त्यांच्या मुलानंच उघडलं. कंपनीनं घरून काम दिलंय, आणि इथंच राहायचं त्यानं ठरवलंय. आतून थापण्याचा आवाज येत होता. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, पिठाचे हात तसेच. मी पुडा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, माझाच हात धरला.

"नको ओ आता. रोज गरम करते मी त्याला. बसा, तुम्हीपण खाऊन जावा."

मी जेवले. तव्यावरची, पापुद्रा सुटलेली भाकरी, वांग्याची भाजी, वर लोणी. घरी येऊन वहीत त्यांच्या नावासमोर, 'कुणासाठी' या रकान्यात, मुलगा घरी आला असं लिहिलं आणि पान उलटलं.